पेट्रोलमध्ये टाकायचं औषध: पंप, ग्रास कटर आणि फवारणीच्या इंजिनांसाठी

जूनमध्ये पाऊस धरला की विहिरीवरचा पेट्रोलवर चालणारा पंप गोठ्याच्या कोपऱ्यात जातो, तो दिवाळीनंतरच बाहेर निघतो. मग दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. चोकवर इंजिन कसंबसं चालतं आणि चोक काढला की गपकन बंद पडतं. मेकॅनिक कार्बोरेटरची वाटी उघडतो तर तळाला काकवीसारखा पिवळा-तपकिरी चिकट थर. हा थर म्हणजे मे महिन्यातलंच पेट्रोल. उडून जाणारं उडून गेलं, उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनने आंबलं आणि गोंद झालं. जेट म्हणजे इंजिनाला मापात पेट्रोल सोडणारं पितळी तोंड. मेन जेटचं भोक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं, पायलट जेटचं त्याहून बारीक. तेवढ्याशा भोकाला गोंदाचा पापुद्रा पुरतो.

बाजारात मिळणारी ॲडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलात टाकायची औषधं, हा थर धरू नये म्हणून आहेत. कोवळा असेल तर तो विरघळवतात. धरून, वाळून कडक झालेला थर बाटलीतून ओतलेल्या कशानेही निघत नाही. नवखे लोक नेमके इथेच पैसे वाया घालवतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

आता पेट्रोलच बदललं आहे

२०२३च्या फेब्रुवारीत देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. इथेनॉल साखर कारखान्यांत मळीपासून आणि उसाच्या रसापासून बनतं, शिवाय धान्यापासूनही. म्हणजे ज्या शेतातला ऊस कारखान्यात गेला, त्याच शेतातल्या पंपाच्या टाकीत तो परत येतो. ऊस लावणाऱ्याला ते फायद्याचं असेल, लहान इंजिनाला मात्र तीन गोष्टींनी जड जातं.

पहिली गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी मिसळून जळून जातं, त्याने काही बिघडत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात ही मर्यादा लिटरमागे ५ मिलीच्या आसपास असते, २० टक्क्यांच्या पेट्रोलात त्याहून जास्त, आणि थंडी वाढली की दोन्हीकडे कमी होते. पेट्रोल घेणारी नळी टाकीच्या तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला आधी हे तळाचं पाणीच मिळतं. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळायच्या इंजिनात, हे जीवघेणं ठरतं, कारण त्यातलं ऑइल वरच्या पेट्रोलाबरोबर राहतं आणि खालून जे येतं त्यात ऑइल जवळपास नसतं. पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरे.

दुसरी गोष्ट, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. गाडीचा संगणक त्यानुसार पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला तसं काही कळत नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन जास्त तापतं. आणि तिसरी, जुन्या रबरी नळ्या, प्रायमरचा (दाबून पेट्रोल ओढायचा) फुगा, डायफ्रॅम म्हणजे कार्बोरेटरमधला रबरी पडदा, ही मंडळी इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकेत आजही कमाल १० टक्के इथेनॉल असंच छापलेलं आहे. मोठ्या शहरांतल्या काही पेट्रोल पंपांवर १०० ऑक्टेनचं इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळतं. ते बरंच महाग असतं. रोज चालणाऱ्या मशीनला तो खर्च परवडत नाही, पण हंगाम संपताना शेवटची अर्धा लिटर टाकी भरायला विचार करण्यासारखा आहे. पंपावर विचारूनच घ्या, कारण नुसतं ‘प्रीमियम’ लिहिलेल्या पेट्रोलात बहुधा इथेनॉल असतंच.

पेट्रोलात किती इथेनॉल आहे ते घरी पाहता येतं. १०० मिलीच्या काचेच्या मापात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घाला, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. खालचा थर २० मिलीच्या वर जितके मिली चढला, तितकं साधारण त्या ८० मिली पेट्रोलातलं इथेनॉल. २० टक्क्यांचं असेल तर खालचा थर ३५-३६ मिलीपर्यंत येतो. तपासलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

बाटल्यांचे प्रकार

दुकानात सगळ्या बाटल्या एकाच फळीवर असतात आणि प्रत्येकीवर इंजिनाचं चित्र असतं. पण कामं वेगळी आहेत.

स्टॅबिलायझर म्हणजे टिकवणारं. यात पेट्रोल आंबण्याचा वेग कमी करणारी आणि धातूला गंज न लागू देणारी द्रव्यं असतात. ते फक्त ताज्या पेट्रोलात काम करतं. आंबलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवून गोड होत नाही, तसंच हे.

क्लीनर म्हणजे साफ करणारं. यातलं कामाचं द्रव्य पॉलीइथर अमाइन, लेबलवर पीईए असं लिहिलेलं असतं. व्हॉल्व्हवरचा आणि पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन ते सोडवतं आणि तिथल्या तापमानातही टिकतं. स्वस्त बाटल्यांत पॉलीआयसोब्युटीन अमाइन असतं. ते व्हॉल्व्ह साफ ठेवतं, पण पिस्टनच्या डोक्यावरचा थर काढण्यात कमी पडतं. घटकांचा उल्लेखच नसलेली, नुसतं ‘ॲव्हरेज वाढेल’ म्हणणारी बाटली ठेवून द्या.

ऑक्टेन बूस्टरची पंपाला किंवा ग्रास कटरला गरज नाही. त्यांचं कॉम्प्रेशन साध्या पेट्रोलावर चालेल असंच ठरवलेलं असतं. पाणी काढणारी बाटली म्हणजे बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधीच २० टक्के अल्कोहोल असलेल्या पेट्रोलात आणखी अल्कोहोल घालून फारसं काही मिळत नाही. टाकीत पाणी दिसत असेल तर टाकी रिकामी करा, बाटली घेऊ नका.

आणि डांबरगोळ्या! दोन गोळ्या टाकीत टाकल्या की रेस वाढते, हा समज गावोगाव आहे. नॅप्थलीन पेट्रोलात विरघळतं हे खरं, पण पेट्रोल उडून गेलं की त्याचे खडे परत जमतात, तेही जेटच्या तोंडाशीच. थिनर, ॲसिटोन, रॉकेल यांचंही तेच. थिनरने प्रायमरचा फुगा चिकट होतो, रॉकेलने प्लग काळा पडतो.

माप चुकलं की सगळं चुकलं

बाटल्या गाड्यांसाठी बनतात, म्हणून लेबलवर ४० किंवा ६० लिटरचं माप असतं. ३०० मिलीची बाटली ४० लिटरला म्हणजे लिटरला साडेसात मिली. पंपाच्या टाकीत ३ लिटर मावत असेल तर साडेबावीस मिली. बस्स. ‘थोडं जास्त टाकलं तर लवकर साफ होईल’ असं म्हणून निम्मी बाटली ओतली तर दोन गोष्टी होतात. क्लीनर जळायला जड असल्याने धूर येतो आणि प्लग काळा पडतो. फोर-स्ट्रोकमध्ये ते रिंगांच्या बाजूने खाली उतरून ऑइल पातळ करतं.

मोजायला औषधाच्या दुकानातली १० मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका. पेट्रोल आणि क्लीनर लागलं की तिचा रबरी दट्ट्या फुगतो आणि दुसऱ्या दिवशी जागचा हलत नाही. म्हणून दर वेळी नवी घ्यायची. फवारणीच्या औषधाचं झाकण किंवा कीटकनाशकाचं माप यासाठी कधीही वापरू नका, आणि यासाठी वापरलेलं माप उलट तिकडेही नेऊ नका.

ॲडिटिव्ह थेट मशीनच्या टाकीत टाकायचं नाही, कॅनमध्ये मिसळायचं. आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, त्यात मोजलेलं ॲडिटिव्ह, मग उरलेलं पेट्रोल, झाकण घट्ट लावून हलवा. कॅन धातूचा किंवा इंधनासाठीच बनवलेला हवा. पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे पांढरे डबे नकोत. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड, उघड्यावर, आणि विडी-सिगारेट लांब.

सफाई: एक टाकी, दोन दिवस

मशीन चालू होतं पण रेस एकसारखी राहत नाही, वर-खाली होते, लोड आला की दम तोडते, अशा वेळी ही पद्धत कामाची आहे. मुळीच चालू होत नसेल तर शेवटच्या भागाकडे जा.

पहिल्यांदा एअर फिल्टर काढून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थेंब टाकून पिळून घ्या. कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकेच हवा मारा. खूप मळला असेल तर बदला, धुऊ नका.

मग प्लग. १६० सीसीच्या नेहमीच्या पंप-इंजिनांना ०.७ ते ०.८ मिमीचा गॅप लागतो. कोरडा काळा काजळीचा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. विटकरी-तपकिरी असेल तर चांगलं.

आता जुनं पेट्रोल काढा. काचेच्या बरणीत घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे, आणि अशा टाकीत क्लीनर घालण्यात अर्थ नाही. रंगाच्या डब्यासारखा वास आला आणि शेजारच्या ताज्या पेट्रोलपेक्षा रंग गडद दिसला तर ते आंबलेलं आहे. तेही वापरू नका.

टाकीतली जाळी आणि कॉकखालची (पेट्रोलच्या तोटीखालची) छोटी वाटी काढून धुवा. वाटी बसवताना तिचा ओ-रिंग सपाट झाला असेल तर नवा घाला, नाहीतर थेंब थेंब गळत राहतं.

कॅनमध्ये बनवलेलं क्लीनरचं पेट्रोल टाकीत भरा. इंजिन चालू करून दहा मिनिटं चालवा, म्हणजे नवं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत आणि जेटांत पोहोचेल. बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. बरेच लोक ही पायरी गाळतात. मग म्हणतात, बाटली बोगस होती. थर विरघळायला वेळ लागतो. इंजिन चालू असताना पेट्रोल जेटमधून क्षणात निघून जातं, भिजत ठेवल्याशिवाय त्याला पकडच मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी लोडवर चालवा. पंप असेल तर पाणी उचलायला लावा, नुसती रेस करत बसू नका. व्हॉल्व्ह आणि पिस्टन पुरेसे तापल्याशिवाय कार्बन सुटत नाही. पूर्ण लोडवर १६० सीसीचं इंजिन ताशी साधारण १.४ लिटर पेट्रोल खातं, म्हणजे ३ लिटरची टाकी दोन-सव्वादोन तासांत संपते. सुरुवातीला धूर वाढेल, मिस मारेल. काही वेळाने थांबायला हवं. नाही थांबलं तर प्लग काढून पाहा, सुटलेल्या कार्बनचा कण दोन टोकांमध्ये अडकलेला असतो.

टाकी संपली की फोर-स्ट्रोकचं ऑइल बदला. १६० सीसीला साधारण ६०० मिली, १०डब्ल्यू-३०. बदलायचा कंटाळा असेल तर निदान डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर बदलावंच लागेल. वर्षाला अशी एक-दोन सफाई पुरते. दर टाकीला क्लीनर घालणाऱ्याला फक्त दुकानदार ओळखू लागतो.

टू-स्ट्रोक ग्रास कटरसाठी वेगळं

इथे हिशेब दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत असेल तेच: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. ॲडिटिव्ह त्याच्यावर वेगळं. ॲडिटिव्हमध्ये थोडं वंगण असतं असं लेबल म्हणतं, म्हणून ऑइल कमी करणारे लोक आहेत, आणि त्यांचे सिलिंडर मेकॅनिकच्या बाकड्यावर असतात. ओरखडे पिस्टनच्या सायलेन्सरच्या बाजूला आधी दिसतात, कारण ती बाजू सर्वांत गरम.

२ लिटर मिक्स ५०:१ने करायचं असेल तर: कॅनमध्ये १ लिटर ताजं पेट्रोल, ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, लेबलच्या हिशेबाने ॲडिटिव्ह, हलवा, मग उरलेलं लिटर, परत हलवा. ऑइलवर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं पाहा, निदान त्याखालचा एफसी. फोर-टी (फोर-स्ट्रोकचं) ऑइल चालत नाही, त्याची राख पिस्टनवर साचते. कॅनवर चिकटपट्टी लावून तारीख आणि प्रमाण लिहा. ‘हे मिक्स आहे की साधं’ हा प्रश्न दोन आठवड्यांनी सगळ्यांनाच पडतो.

यांचा कार्बोरेटर वाटीचा नसतो, डायफ्रॅमचा असतो. पातळ रबरी पडदा श्वास घेतल्यासारखा हलतो आणि पेट्रोल ओढतो. तो कडक झाला की कितीही क्लीनर घाला, काही होत नाही. प्रायमरचा फुगा दाबून पाहा. तो चिकट लागला, पिवळा पडला किंवा दाबल्यावर वर येईना, तर आतला पडदाही त्याच वयाचा आहे. रिपेअर किट बसवा, नळी आणि टाकीतला फिल्टर त्याच वेळी बदला. कार्बोरेटरवरचे एल आणि एच (कमी आणि जास्त रेसचं मिश्रण ठरवणारे) स्क्रू मात्र टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र, नसेल तर फिरवू नका. कानाने ‘छान वाजतंय’ असं वाटतं तेव्हा मिश्रण बहुतेक पातळ झालेलं असतं.

पावसाळ्यासाठी बंद ठेवताना

स्टॅबिलायझरचं खरं काम इथे आहे. इथेनॉलचं पेट्रोल आपल्या उन्हाळ्यात बंद कॅनमध्ये महिनाभर बिनघोर चालतं. पुढे धोका वाढत जातो. महिना-दोन महिन्यांसाठी ठेवायचं असेल तर ताज्या पेट्रोलात स्टॅबिलायझर मिसळून टाकी काठोकाठ भरा. रिकामी जागा जितकी कमी तितकी दमट हवा कमी. दहा मिनिटं इंजिन चालवा. टाकीत औषध आणि जेटमध्ये जुनंच पेट्रोल, हा घोळ फार जणांचा होतो.

जून ते नोव्हेंबर असे पाच महिने असतील तर कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या हवेत रिकामं करणंच बरं. वाटीच्या कार्बोरेटरचं असं करा: आधी स्टॅबिलायझरच्या पेट्रोलावर दहा मिनिटं चालवून घ्या, मग टाकी रिकामी करा, कॉक बंद करा. वाटीला दोन बोल्ट असतात, मधला वाटी धरणारा आणि बाजूला तिरका निचऱ्याचा. तिरका सोडा, खाली वाटी धरा. नुसतं इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं तर तळाला चमचाभर उरतंच, आणि गोंद त्याचाच होतो. पत्र्याची टाकी असेल तर आतून ऑइलचा हात फिरवा.

डायफ्रॅमच्या मशीनची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर पडदे एकमेकांना चिकटतात.

दोन्हींत शेवटी प्लग काढून सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली इंजिन ऑइल, टू-स्ट्रोकला टू-टी. दोरी हळू चार-पाच वेळा ओढा, प्लग लावा. मग पुन्हा हळू ओढा आणि जड लागलं की तिथेच सोडा. त्या जागी फोर-स्ट्रोकचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा आत जात नाही. मशीन जमिनीवर नको, फळीवर ठेवा. प्लास्टिकने गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. गोणपाट चांगलं.

कार्बोरेटर उघडायचाच असेल तर

इंजिन फक्त चोकवर चालत असेल आणि वरची रात्रभराची पद्धत करूनही तसंच राहिलं, तर जेट बंद आहे. वाटी काढा. फ्लोटची पिन हाताने सरकते, फ्लोटबरोबर छोटी नीडल खाली पडते, ती हरवू नका. मेन जेट मधल्या खांबात असतो. त्याच्या खाचेत अगदी बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळ मऊ असतं. जेट उजेडाकडे धरून बघा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. अर्धचंद्र दिसला तर तीच तुमची तक्रार.

रबरी भाग काढून ठेवल्यावरच कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, नाहीतर ओ-रिंग फुगून परत खाचेत बसत नाहीत. जेटमध्ये शिवणाची सुई किंवा पोलादी तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी इंजिन कायमचं जास्त पेट्रोल खायला लागतं. जुन्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार काढा, ती जेटपेक्षा मऊ असते. पायलट जेट सर्वांत आधी बुजतो आणि सर्वांत शेवटी आठवतो. त्यासाठी ती तारही जाड पडली तर जेट क्लीनरमध्ये तासभर बुडवून ठेवा आणि हवा मारा. फ्लोटची नीडल पाहा. तिच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर पेट्रोल बंद होणार नाही आणि वाटी भरून वाहील.

जोडून झाल्यावर कॉक उघडा आणि दोरीला हात लावण्याआधी पाच मिनिटं थांबा. वाटीखाली कागद ठेवा. कागद कोरडा राहिला तर चोक लावा आणि ओढा.